सावलीत वाळवावे

जाकिटाच्या आत, काखेखाली, बोटभर पट्टी:
धुऊ नये. पिळू नये. इस्त्री नको.
सावलीत वाळवावे.
पारोळ्यात, एप्रिलच्या शेवटच्या रविवारी,
सावली म्हणजे जिन्याखालची अडीच फूट जागा.
तिथं पाण्याची मोटर आणि आप्पांची खुर्ची.

आधी खिसे रिकामे केले.
रावेरच्या पंपाची पावती, बोराची आठळी,
ठिबकच्या नळीचा जोड, जो मी महिनाभर शोधत होते
आणि ज्यावरून साहेबांनी मला ऐकवलंही होतं.
मग कोपरांतल्या, खांद्यांतल्या ढाली काढल्या
तर जाकीट एकदम खचलंच,
निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी
आप्पा खचले होते तसं.

छातीवर चिलटं, यावल ते चोपडा, सगळी.
शिवणींत काळ्या रानाची धूळ.
कॉलरला पांढरी रेघ: माझंच मीठ.
ओलसर फडकं, थेंबभर साबण.
पुसायचं, रगडायचं नाही.
बादलीतलं पाणी आधी चहा झालं, मग डांबर.

डाव्या कोपराशी हात थांबला.
कन्नड घाट, वळणावर सांडलेली वाळू,
सात हात घसरले होते मी, गाडी त्याहून पुढे.
इथं कातडं सोललंय.
आत माझं कोपर मात्र गुळगुळीत,
शाळेत पडले होते तेवढा एकच जुना व्रण.
कुठल्या तरी जनावरानं
माझ्या वाटणीचं सोलून घेतलं.

कोकिळाबाई कठड्यावरून म्हणाल्या,
"एवढ्या उन्हात हे घालतेस? आणि वास गं?"
वास येतोच.
आप्पांनी पेपर जरा वर धरला.
हा वास त्यांनी घरातून बाहेर काढला होता
मी जन्मायच्या आधी:
रापी, आरी, ऐरण, भिजवायची कुंडी, सगळं विकून
नगरपालिकेतल्या शिपायाची खाकी चढवली.
कातड्याला हात लावायचा नाही, हे मी
मुळाक्षरांच्या आधी शिकले.
आणि अठरा हजार मोजून
तेच अंगावर घालून दारात उभी राहिले,
तेव्हा आठ दिवस ते बोलले नव्हते.

डबी उघडली. पिवळट, मलमासारखं.
भरपूर घेतलं, थापायला लागले.
पेपर खाली आला.

"आसं नही, जोस्ना.
फासानं नही. पाजनं पडस."

खुर्ची करकरली.
बोटाच्या टोकावर ज्वारीच्या दाण्याएवढं घेऊन
त्यांनी तळव्यावर ऊब येईस्तोवर चोळलं,
मग गोल, गोल, बारीक गोल,
आधी पाठ, मग बाह्या,
शिवणीवरून अंगठ्याच्या नखाची कड.
कातडं गडद होत गेलं. केव्हाचं तहानलेलं होतं.
"हाई म्हैसनं शे. पाठनं."
खांद्याजवळ एक खड्डेदार ठिपका होता,
मी कारखान्याची चूक समजायचे.
"आठे गोचीड चावेल शे तिले."
एकतीस वर्षं फायली वाहिलेली बोटं.
मला वाटायचं, ती फक्त टाचणीला घाबरतात.

सोललेल्या कोपराशी आले
तेव्हा मी उगाच साखळीच्या दात्यांना मेणबत्ती घासत बसले.
घाटातलं घरी कुणालाच सांगितलं नव्हतं.
त्यांनी विचारलं नाही.
तिथं मात्र दोनदा पाजलं, मध्ये थोडं थांबून,
आणि दोन्ही वेळा माझ्याकडे पाहिलं नाही.

मोटरच्या पाइपाला जाड हँगर अडकवला.
जागा पुरेना, म्हणून आप्पांनी
आपली खुर्ची उचलून उन्हात ठेवली.
डबीच्या झाकणाला उरलेलं
वाया कशाला घालवायचं, म्हणून
स्वतःच्या भेगाळल्या टाचेला चोळत बसले,
कोकिळाबाईंच्या कठड्याकडे तोंड करून.
मग हात पुढे केला.
"आनि हातमोजा? त्या कोठे शेतस?"